शंभर कोसांवरचे औषध

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून १९४९ सालापासून आपण पाळीत आलो आहोत. आम्ही शाळेत मास्तरकी करीत होतो त्या काळी मुलांच्या हाती डबे देऊन त्यांना बाजारपेठेत धाडण्याचे काम आमच्याकडे असे. डब्यात रुपया-दोन रुपये पडत, छातीवर कागदी झेंडा टोचला जाई, आणि दुकानदार आपले देणे फिटले अशा समाधानाने पुन्हा तागडीकडे वळे. त्या दुकानदारास हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमचे समाधान त्याच्याहून फारसे निराळे नव्हते. त्या डबे धरणाऱ्या मुलांपैकी एक जण मागील पंधरवड्यात आमच्या कचेरीत आला. मध्यंतरी तो सैन्यात गेला, चोवीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात, पर्लकोटेपलीकडच्या आपल्या गावी परतला. 'सर, एक अर्ज लिहून द्या. मराठी तुम्हीच शिकवली,' एवढेच त्याचे मागणे होते. तक्रार करावयास तो आलेला नव्हता. परंतु अर्जासाठी जी हकीकत त्याने सांगितली, ती ऐकून हा मजकूर आतल्या पानावर टाकण्याजोगा नाही असे आम्हांस वाटले.

हकीकत साधी आहे. म्हातारी आई त्याच्यावर अवलंबून आहे. तिला मधुमेह आणि रक्तदाब, त्याला स्वतःला छातीचे दुखणे. दोघांपाशी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची, म्हणजे सैनिक ज्या आद्याक्षरांनी तिला ओळखतात त्या ईसीएचएसची, कार्डे आहेत. आईच्या गोळ्या आणावयाच्या तर पहाटे दुचाकीने भामरागड, तेथून एस. टी.ने आलापल्ली, पुढे दुसरी गाडी. पॉलिक्लिनिक गाठून औषधे घेऊन परत येईतो दोन दिवस जातात. एका खेपेस पाच औषधांपैकी दोनच मिळाली, उरलेली 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात पर्लकोटेला पूर होता. त्याच्या छातीच्या तपासणीसाठी नागपूरच्या खासगी रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, तिची मुदत वाटेतच टळली. ती नव्याने घेण्यासाठी पुन्हा तोच प्रवास. अखेरीस त्याने तपासणी पदरच्या पैशाने करून घेतली आणि आईच्या गोळ्या तो आता आलापल्लीच्या दुकानातून विकत घेतो. म्हणजे ज्या सेवेसाठी त्याने पैसे मोजले आहेत, ती त्याने आपण होऊन सोडून दिली आहे. सरकारच्या दप्तरी मात्र तो लाभधारक आहे, आणि लाभधारकांच्या संख्येत त्याचा एक आकडा दरवर्षी मिळविला जातो.

प्रथम या योजनेचे श्रेय तिला दिले पाहिजे. २००३ सालापूर्वी निवृत्त सैनिकाला आजारपणात लष्करी रुग्णालयाच्या दारी जाण्यावाचून फारसा मार्ग नव्हता, आणि तेथे सेवेतील जवानांची गर्दी आटोपल्यावर त्याची पाळी येई. १ एप्रिल २००३ पासून ही योजना अमलात आली. केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांसाठी जी सीजीएचएस योजना पूर्वीपासून चालू होती, तिचाच नमुना समोर ठेवून ही आखली गेली. सैनिकाने निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरावी आणि मग त्याला, त्याच्या पत्नीला व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या मुलांना व आईबापांना हयातभर उपचार मिळावेत, असे तिचे स्वरूप आहे. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांकडून आणि वीरपत्नींकडून ही वर्गणी घेतली जात नाही. बाकीच्यांसाठी ती हुद्द्याप्रमाणे आहे. शिपायापासून हवालदारापर्यंत तीस हजार, सुभेदार वर्गासाठी सदुसष्ट हजार आणि अधिकाऱ्यांसाठी एक लाख वीस हजार रुपये, असे दर २०१७ च्या अखेरीस ठरले. योजना चालू झाल्यानंतर जे निवृत्त झाले त्यांना ही वर्गणी ऐच्छिक नाही. आज देशभर सव्वाचारशेहून अधिक पॉलिक्लिनिके, तीन हजारांहून अधिक मान्यताप्राप्त रुग्णालये आणि साठ लाखांच्या आसपास लाभधारक असा तिचा पसारा आहे. नागपुरास तिचे एक प्रादेशिक केंद्र आहे. हृदयावरील वा गुडघ्यावरील जी शस्त्रक्रिया हवालदाराच्या निवृत्तिवेतनातून सात जन्मांत झाली नसती, ती या योजनेमुळे हजारो घरांत झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जो ही योजनाच कुचकामी आहे असे म्हणेल, त्याच्याशी आमचे जमणार नाही.

मग उणीव कोठे आहे? ती योजनेच्या पायातच आहे, आणि वाईट हेतूने ठेवलेली मुळीच नाही. पॉलिक्लिनिक कोठे असावे आणि केवढे असावे, हे त्या परिसरात माजी सैनिक किती राहतात यावरून ठरते. वीस हजारांच्या वस्तीला मोठे, दोन-अडीच हजारांच्या वस्तीला लहान, अशा त्यांच्या इयत्ता आहेत. कागदावर यात काहीच वावगे दिसत नाही. जेथे माणसे अधिक तेथे डॉक्टर अधिक, हे कोणीही मान्य करील. परंतु माणसे मोजणारी ही फूटपट्टी अंतर मोजीत नाही. साताऱ्याकडे एकेका गावात घरटी सैनिक सापडतो. तेथे हजाराचा आकडा पाच-दहा कोसांत भरतो. आमच्या विदर्भातही बुलढाण्याकडे सैन्यात जाण्याची परंपरा दाट आहे. उलट गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरमागे माणसे भरली अवघी ७४. तीच सरासरी सबंध महाराष्ट्राची ३६५ होती. जेथे माणसेच विरळ तेथे माजी सैनिक दाट कोठून असणार? सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांतून, तसेच मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्यातून सैन्यात गेलेले तरुण थोडे. थोडे म्हणून त्यांच्यासाठी दवाखाना नाही, आणि दवाखाना नाही म्हणून त्यांपैकी जे परततात ते आजारी पडले की शहराकडे पाहू लागतात. कित्येक जण गाव सोडून नागपूर-अमरावतीस भाड्याच्या खोलीत राहावयास येतात. पुढच्या मोजणीत गावाकडचा आकडा आणखी घटतो आणि शहरातला वाढतो. फूटपट्टी आपणच आपल्याला खरी ठरवीत जाते.

आता या अंतराची किंमत पाहा. भामरागडहून नागपूर शंभर कोस भरते, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास. सिरोंच्याहूनही फार कमी नाही. गडचिरोलीस म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तरी साठ-सत्तर कोस आहेतच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य झाला आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. राज्य सरकारचे हे दोन्ही निर्णय चांगले. पण तिकीट माफ झाल्याने रात्रीचा मुक्काम, सोबतीला आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी आणि मधुमेही म्हातारीच्या पोटातले चार तासांचे उपाशीपण माफ होत नाही. घरापासून पॉलिक्लिनिकपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा आहे. आणि पॉलिक्लिनिक हे प्रवासाचे शेवटचे ठाणे नव्हे. तेथे साधा तपास व औषधे. तज्ज्ञ पाहिजे तर तेथून चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात जावयाचे. तातडीच्या प्रसंगी चिठ्ठीवाचून दाखल होता येते आणि वयाने पिकलेल्या लाभधारकांना अलीकडे काही सवलतही मिळाली आहे. तरीही सर्वसाधारण रोग्याचा मार्ग या चिठ्ठीतूनच जातो. रोग्याने दोन टप्पे करावेत ही रचना ज्याने केली, त्याच्या डोळ्यांपुढे दिल्ली किंवा पुणे असावे. तेथे दोन टप्पे म्हणजे एका सकाळचे दोन रिक्षाप्रवास. आमच्याकडे ते दोन मुक्काम होतात.

चिठ्ठीची पद्धत अकारण आलेली नाही, हेही येथेच सांगून टाकतो. नको त्या तपासण्या, नको त्या खाटा आणि फुगविलेली बिले यांचा बंदोबस्त कोणत्याही सरकारी योजनेला करावाच लागतो, आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ साली या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला तो काही उगाच नव्हे. परंतु बिले फुगतात ती शहरात. भामरागडच्या वाटेवर जो अडतो तो बिले फुगविणारा नसतो.

मान्यताप्राप्त रुग्णालयांचीही थोडी चौकशी केली पाहिजे. आमच्या वाचकांना धंतोली आणि रामदासपेठ निराळी समजावून सांगावयास नको. सबंध मध्य भारताचा रोगी तेथे येतो. योजनेची रुग्णालये अशाच वस्त्यांत एकवटावी हे स्वाभाविक आहे, कारण पात्रतेसाठी ज्या सोयी लागतात त्या तालुक्याच्या गावी असत नाहीत. त्यातही या रुग्णालयांना जे दर मिळतात ते सीजीएचएसच्या दरांशी बांधलेले. २०१४ च्या सुमारास ठरलेले ते दर दहा-अकरा वर्षे थोड्याफार फरकाने तसेच राहिले. त्यांची मोठी सुधारणा व्हावयास ऑक्टोबर २०२५ उजाडला. शिवाय बिलांची थकबाकी हा नित्याचा विषय आहे. योजनेसाठी तरतूद अपुरी पडते, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने वारंवार नजरेस आणले आहे. पैसे थकले की रुग्णालये हात आखडतात; आणि रुग्णालयाने हात आखडला तर नागपुरातला निवृत्त सुभेदार रिक्षा करून दुसरीकडे जातो, पण शंभर कोसांवरून आलेला हवालदार रुग्णालयाच्या पायरीवरच बसून राहतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे खरे. परंतु थोडे पाणी असले तरी ते दूरच्याच्या घागरीत शेवटी पडते, हेही तितकेच खरे.

एक विसंगती आमच्या मते विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण ती दूर करण्यास इमारत लागत नाही की डॉक्टर लागत नाही. केंद्र सरकारचा नागरी कर्मचारी, समजा टपाल खात्यातला कारकून, निवृत्त होऊन जेथे सीजीएचएसचा दवाखाना नाही अशा गावी राहावयास गेला, तर त्याला औषधपाण्यासाठी दरमहा एक हजार रुपये ठराविक वैद्यकीय भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून ही रक्कम आहे. दवाखाना जवळ नाही, तेव्हा बाह्यरुग्ण म्हणून होणारा किरकोळ खर्च तू तुझ्या गावच्या डॉक्टराकडे कर, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर आम्ही आहोतच, असा त्यातील समंजस विचार. ईसीएचएसच्या सभासदाला हा भत्ता नाही. आणि २००३ नंतर निवृत्त झालेल्याला सभासद होण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे एकाच गावी परतलेल्या दोन निवृत्त माणसांपैकी ज्याने सीमेवर चोवीस वर्षे काढली, त्याला सरकार सांगते की तुझा दवाखाना आहे. तो किती दूर आहे हे विचारू नकोस. हजार रुपयांत मोठे दुखणे बरे होत नाही. पण आलापल्लीच्या दुकानातून मधुमेहाच्या गोळ्या येतात.

या योजनेच्या उंबरठ्याबाहेर जे राहिले त्यांची गोष्ट आणखी वेगळी. कार्ड मिळते ते मुख्यतः निवृत्तिवेतनधारकाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर घाईने भरती झालेले आणि पुढे निवृत्तिवेतनाची मुदत पुरी होण्याच्या आत घरी पाठविलेले जवान आमच्या खेड्यांतून अजून भेटतात. आज ते ऐंशीच्या घरात वा पलीकडे आहेत. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणीच्या काळात व अल्पसेवेसाठी कमिशन मिळालेले अधिकारी आणि मुदतीपूर्वी निवृत्त झालेले यांना योजनेत घेतले. निर्णय उशिराचा, पण न्यायाचा होता. तरीही निवृत्तिवेतनाविना परतलेले सारेच साधे शिपाई त्यात आले असे झाले नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. ती अर्ज, दाखले आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस यांवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे, आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. दोन्ही मोठ्या दुखण्यांसाठी, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. रोजच्या गोळीला त्यांत जागा नाही. म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य तर रोजच्या गोळीवरच चालते.

आणि अग्निवीर? जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतून दाखल झालेल्यांपैकी चतुर्थांशांपर्यंत कायम होतील, बाकीचे चार वर्षांनी एकरकमी सेवानिधी घेऊन बाहेर पडतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही, असे आजचे नियम सांगतात. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. पुढचा हिशेब वाचकांनीच करावा. पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणाला औषध लागत नाही, असे कोणी म्हणेल. सेवेतच अपंगत्व आले तर त्याच्यासाठी वेगळी भरपाई आहे, हेही मान्य. परंतु उंचावरच्या थंडीने जे गुडघे आणि कान जातात, ते चाळिशीत बोलू लागतात. त्या वेळी त्याने कोणाच्या दारी जावे, याचा विचार त्याचे वय पंचवीस आहे तोवरच व्हावयास हवा.

दूरच्या सैनिकाचा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेचा निवृत्त सैनिकांवरचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा. त्यांची स्वतंत्र रुग्णालये आहेत. तरीही २०१४ साली फिनिक्स शहरातील अशा रुग्णालयात रोग्यांना महिनोन् महिने तिष्ठत ठेवून प्रतीक्षायाद्या लपविल्याचे उघडकीस आले आणि त्या खात्याच्या मंत्र्यास पद सोडावे लागले. त्यानंतर तेथे जे कायदे झाले त्यांत आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. आधी, सरकारी दवाखाना चाळीस मैलांपलीकडे असेल तर सैनिकाने गावच्या खासगी डॉक्टराकडे जावे आणि पैसे सरकारने द्यावेत, असे ठरले. पुढे मैलही बाजूला ठेवण्यात आले. २०१८ च्या कायद्याखाली २०१९ च्या जूनपासून मोजमाप वेळेचे झाले : साध्या उपचारासाठी मोटारीने तीस मिनिटांहून अधिक, तज्ज्ञासाठी साठ मिनिटांहून अधिक लागत असतील, तर सैनिक जवळच्या डॉक्टराकडे जाण्यास मोकळा. ऑस्ट्रेलियात तर गोल्ड कार्ड असलेला माजी सैनिक आपल्या गावातल्याच डॉक्टराचा रोगी असतो. त्यांचा पैसा आपल्यापाशी नाही, हे कबूल. घड्याळ मात्र आपल्यापाशीही आहे.

आमची सूचना तेथूनच सुरू होते. माजी सैनिकांची गावे पॉलिक्लिनिकपासून किती तासांवर आहेत, तेही पावसाळ्यात एस. टी.ने किती तासांवर, याची यादी करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांची नोंद असतेच. काम एका महिन्याचे आहे. जेथे चार तासांहून अधिक लागतात त्या गावच्या सभासदाला दवाखाना नाही असे समजून नागरी निवृत्ताप्रमाणे मासिक भत्ता द्यावा. जुनाट आजारांची औषधे तीन महिन्यांची एकदम द्यावीत आणि ती टपालाने पाठवावीत. ज्या भारतीय टपाल खात्याने जंगलातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत मनीऑर्डरी पोहोचविल्या, त्याला गोळ्यांचे पाकीट जड होऊ नये. मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'सेहत' या नावाने दूरध्वनी-चित्रावरून लष्करी डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची सोय केली. सेवेतील व निवृत्त दोघांसाठी ती आहे. भामरागडच्या पलीकडे यंत्राला तार मिळत नाही तेव्हा डॉक्टरचा चेहरा दिसत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक खोली, एक यंत्र आणि ते चालविणारी परिचारिका एवढे असले तर अर्धे प्रवास वाचतील. फिरत्या पॉलिक्लिनिकची कल्पना योजनेत आहेच. अशी एक गाडी महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी अहेरीस, एकदा सिरोंच्यास, एकदा धारणीस उभी राहिली तर म्हातारी मिरची विकून जाता जाता रक्तदाब मोजून घेईल. बाजाराला ती येतेच.

मुख्य गोष्ट स्थानिक डॉक्टराची. गडचिरोलीत दवाखाने नाहीत असे नाही. हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे. शोधग्राम येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आहे. सरकारी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आहेत. आमचा हवालदार आजारी पडला तर तो वाटेत यांपैकी एकाच्या दारावरून पुढे जातो, कारण चिठ्ठी देण्याचा अधिकार त्या दारात नाही. तालुक्याच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून दिलेली चिठ्ठी पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीइतकीच ग्राह्य धरावी, एवढी एक ओळ नियमांत घातली तर दोन टप्प्यांचा एक टप्पा होईल. यात फसवणूक होईल अशी शंका असेल तर ती फक्त ठरलेल्या दुर्गम तालुक्यांपुरती मान्य करावी. तेथे सभासद इतके थोडे आहेत की सबंध वर्षाची चिठ्ठ्यांची वही एका बैठकीत तपासून होईल. संख्या थोडी म्हणून आजवर ज्यांना नाकारले गेले, त्यांची ही अल्प संख्याच त्यांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा आहे; तिजोरीवर भार पडतो तो लाखांचा, शेकड्यांचा नव्हे.

हे व्हावयाचे तर दिल्ली आणि मुंबई यांनी एकमेकींशी बोलले पाहिजे, आणि घोडे बहुधा येथेच पेंड खाते. पॉलिक्लिनिक संरक्षण मंत्रालयाचे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्याच्या दुसऱ्या खात्याचे. जवान सेवेत असेतो केंद्राचा असतो, गावी आल्यावर तो राज्याचा नागरिक होतो, आणि आजारी पडला की नेमका कोणाचा हे कोणाला चटकन सांगता येत नाही. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. गडचिरोलीच्या आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मंडळाच्या पुढील बैठकीस नागपूरच्या प्रादेशिक केंद्राच्या अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना एका टेबलाशी बसवावे. विदर्भातील खासदारांपैकी एकाने तरी भत्त्याचा प्रश्न लोकसभेत तारांकित म्हणून विचारावा. रस्ते आणि पूल यांवर आमचे लोकप्रतिनिधी पुष्कळ बोलतात, त्यांतला एक मिनिट येथे खर्च झाला तर बिघडणार नाही.

नागपूरकरांनी या प्रश्नाकडे परक्याचा म्हणून पाहू नये. कामठीची छावणी १८२१ सालची. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४२ साली तेथेच उभी राहिली, आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आजही तेथे आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आमच्याच शहरात आहे. सैन्य आमच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून सैन्यातून परतलेला माणूसही जवळपासच असेल अशी आमची समजूत होते. तो जवळपास नसतो. 'गरज सरो नि वैद्य मरो' ही म्हण आपण उपकार विसरणाऱ्यांना उद्देशून वापरतो. येथे गरज देशाची सरली आहे, आणि वैद्य हवा आहे तो ज्याने ती भागविली त्याला.

अर्ज आम्ही लिहून दिला. एका पानात मावला. कोणाच्या नावे लिहावा यावर थोडा वेळ गेला. शेवटी तीन प्रती केल्या, एक प्रादेशिक केंद्रास, एक जिल्हाधिकाऱ्यांस आणि एक सैनिक कल्याण अधिकाऱ्यांस. त्याने प्रत्येक प्रत घडी घालून, शाळेत असताना घालीत असे तशीच नीट, पिशवीत ठेवली. त्या पिशवीत आईच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट होते, नाव चुकू नये म्हणून जपलेले. जेवून जा असा आम्ही आग्रह केला, परंतु गणेशपेठेच्या स्थानकावरून सुटणारी गाडी चुकली तर आलापल्लीची पुढची गाडी चुकते, आणि ती चुकली तर अंधार पडण्याच्या आत नदीपलीकडे जाता येत नाही, असे सांगून तो निघाला.